आखरावरची दहा मिनिटं

१

सात नंबरची वही हरवली हे शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कळलं, आणि सव्वापाचला चोर कोण तेही ठरलं. एरवी आमच्या कॉलेजात बंद पडलेला पंखा दुरुस्त व्हायला दोन सत्रं जातात.

वही नाही हे पाहिलं तुळशीरामनं. तो प्रयोगशाळेचा शिपाई. दर शुक्रवारी खोली बंद करण्याआधी कपाटातल्या वह्या मोजायचा. बारापैकी अकराच भरल्या. कपाटाचं कुलूप मात्र शाबूत होतं. त्यानं संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांना बोलावलं, आणि भगवानरावांनी माणसांना विचारण्याआधी मशीनला विचारलं.

मशीन म्हणजे त्या खोलीच्या दाराशी उभे केलेले दोन खांब. आमच्या ओळखपत्रांत एकेक चिप होती, वह्यांवर आणि यंत्रांवर चिपचे स्टिकर होते. खांबांमधून चिप गेली की मशीन ती रेडिओच्या लहरींवर ओळखायचं आणि कॉम्प्युटरवर नोंद करायचं: कोण, किती वाजता, आत की बाहेर. सही नको, शिक्का नको. २००९ साल होतं आणि मेहकरच्या अलीकडच्या माळावर असलं काही उभं राहिलंय याचा भगवानरावांना भारी अभिमान होता. पाहुणा आला की आधी खांब, मग चहा.

त्या शुक्रवारी कर्णिक सर सकाळी दहाला आत आल्याची नोंद होती. त्यानंतर दिवसभरात फक्त तीन ओळी.

११:४६, निवृत्ती मापारी, आत.
११:४६, वही क्रमांक सात, आत.
११:५१, डॉ. कर्णिक, बाहेर.

म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख कर्णिक सर रिकाम्या हातानं निघून गेले, आणि मागे निवृत्ती आणि वही एवढेच उरले. संध्याकाळी दोघांचाही पत्ता नव्हता. बाहेर पडल्याची नोंद नव्हती, पण त्याचंही उत्तर लोकांनी शोधलं. धातूच्या डब्यात ठेवलेली चिप मशीनला दिसत नाही. निवृत्ती रोज स्टीलच्या डब्यात भाकरी आणायचा. वही आणि ओळखपत्र डब्यात घालून तो निघून गेला, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. मशीन त्यानंच बनवलंय, त्याला चकवणं त्यालाच जमणार.

निवृत्ती मापारी हा बीबी गावचा. सहा वर्षं पीएचडी करत होता. पुढच्या शुक्रवारी त्याचं शेवटचं सादरीकरण होतं. ते झालं की प्रबंध सादर, आणि चोर ठरला तर नोंदणी रद्द, सहा वर्षं मातीत. स्वतःचीच वही तो का चोरेल, यालाही उत्तर तयार होतं. वहीत बीबीतल्या जनावरांच्या दोन वर्षांच्या मूळ नोंदी होत्या. त्या बनावट असणार, म्हणून परीक्षकांनी मागायच्या आत त्यानं ती गायब केली.

चौकशी समिती दोघांची नेमली गेली. एक भगवानराव, दुसरी मी. मी सिंधू काळवाघे, कॉलेजची ग्रंथपाल. समितीत एक बाई लागते असा नियम आहे, आणि बाकीच्या बायकांनी आधीच नाही म्हटलं होतं. मला फक्त सही करायची होती.

२

शनिवारी सकाळी निवृत्तीला मी वाचनालयातच बोलावलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला. रात्रभर झोपला नसावा.

"ताई, बाराची बीबीची गाडी पकडायची होती मले. सरांनी वही मागतली होती. आत गेलो, त्याइच्या हातात वही देली, त्याइनं कपाटात ठेवली, कुलूप लावलं, मी निंगालो. तीन मिनिटं बी नाई झाले."

"मग मशीनमध्ये तुह्यं बाहेर पडणं काऊन नाही?"

"तेच तं समजून नाई राह्यलं." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ते सॉफ्टवेअर माह्यं हाय. हजार डाव तपासलं. ते चुकत नाई, ताई."

"म्हणजे तू चुकला?"

मला त्याचा रागच आला. सगळं कॉलेज याच्यावर उठलंय आणि हा मशीनची बाजू घेतो! पण पोरगं तसंच होतं. स्वतःच्या पायांपेक्षा त्याचा त्या खांबांवर विश्वास होता.

"मला नीट समजावून सांग," मी म्हटलं. "तुह्या प्रबंधात आहे तरी काय? मी बाई पुस्तकांवर क्रमांक टाकणारी."

कामाचं विचारल्यावर त्याचा आवाज जरा वर आला. "कनीक एकच मळायची, ताई. मंग पोया लाटा, पुऱ्या तळा, नाईतं रोडगे भाजा. तसा सॉफ्टवेअरचा गाभा एकच. त्यातून ढोरांच्या कानातल्या बिल्ल्यांसाठी एक काढायचं, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींसाठी एक, खोलीच्या फाटकासाठी एक. दर डाव नवं लिहाचं काम नाई. गाभ्यात एकतीस पर्याय हायेत. ज्याले जे लागते त्यावर खूण करायची, बाकीचे बंद. याले प्रॉडक्ट लाइन म्हनतात."

"फाटकासाठी किती चालू?"

"नऊ. मीच यादी करून देली होती. पन उद्घाटनाले मी नवतो, बीबीत बिल्ले लावत होतो. सरांनी चालू केलं."

"तुला आता कॉम्प्युटर उघडून पाहता येत नाही?"

"कालच बंद केला माह्यासाठी. माह्या नावानं उघडतच नाई."

तो उठला, आणि दारातून परत वळला. "ताई, आईले कोनी सांगू नका हो." पण बीबीला ही बातमी आदल्याच संध्याकाळी पोचली होती, आणि ते मला माहीत होतं.

३

मग मी प्रयोगशाळेत जाऊन ते कपाट पाहिलं. पाच मिनिटं असेन. लोखंडी कपाट, साधं कुलूप, ओरखडा नाही. बाहेर तुळशीराम स्टुलावर बसला होता.

"तुह्यं कार्ड कुठंय, तुळशीराम?"

"माह्यासारख्याले कोन कार्ड देते, बाई? मशीनले मी दिसतच नाई." तो हसला, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला.

ही गोष्ट अजून कुणाच्या लक्षात आली नव्हती. या खोलीत एक माणूस रोज दहा वेळा ये-जा करतो, आणि मशीनच्या लेखी तो नाहीच. आणि कपाटाची किल्लीही त्याच्याकडे.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक कर्णिक साहेबाकडं, एक माह्याकडं. पन बाई, जेवनानंतर मी माही चाबी खिळ्याले अटकवतो. सगळ्याइले माहीत हाय."

"आणि जेवणाआधी?"

"खिशात. त्या दिवशी तं तुमच्याच समोर होती."

खरंच होती. शुक्रवारी साडेअकरापासून सव्वाबारापर्यंत तुळशीराम आणि मी कँटीनमध्ये बसलो होतो. त्याच्या मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज मी लिहून देत होते. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कपाशेजारी पडला होता, आणि त्याला चहा लागू नये म्हणून मीच तो दोनदा सरकवला. पण त्यानं काय होणार? वही दुपारी गेली असेल तर किल्ली खिळ्यावर होती. मशीन सांगत होतं की दुपारभर खोलीत निवृत्ती एकटा होता.

"उद्घाटनाला तू होतास ना?"

"हाव. नारळ धरून उभा होतो. साहेबानं कॉम्प्युटरवर एकेक नाव वाचलं आनं सोताच्या हातानं खुना केल्या. कोकिळाताईनं कागदावरची यादी पुढं केली तं म्हने, मला यादीची गरज नाही."

कोकिळा ही कर्णिक सरांची दुसरी विद्यार्थिनी. प्राध्यापकाची एकच जागा निघणार होती आणि निवृत्ती हरला तर ती तिचीच होती. शुक्रवारी ती शेगावला लग्नात होती, दोनशे माणसांनी पाहिलेली. मी तिच्याकडून नोंदींचे कागद मागितले. तिनं शुक्रवारचे दिले आणि चुकून शनिवारचेही दिले.

"मी त्या दिवशी इथं असते तर माझ्यावर आलं असतं, मॅडम," ती म्हणाली. ती घाबरलेली होती, पण खोटं बोलत नव्हती.

शनिवारच्या कागदावर माझंच नाव होतं. ११:२०, सिंधू काळवाघे, आत. त्याखाली काहीच नाही.

"मी बाहेर आले ते कुठंय?"

"कागद संपला असेल."

मशीनच्या मते मी अजून त्या कपाटासमोर उभी होते. मी हसले, घडी घातली आणि कागद पर्समध्ये टाकला.

४

कर्णिक सर दर शुक्रवारी शेगावहून गाडीनं पुण्याला जात आणि सोमवारी परत येत. सोमवारी त्यांच्याकडे जाण्याआधी भगवानराव मला जिन्यात भेटले.

"सर लै दुखावले आहेत, बाई," ते म्हणाले. "मी शुक्रवारी फोन केला, म्हटलं वही नाही. तं पहिला प्रश्न काय, लॉग काय सांगतो? म्हटलं, तुम्ही गेल्यावर मापारी अन् वही आत होते. मग जरा वेळ बोललेच नाहीत. म्हणाले, माझा विश्वास होता त्या मुलावर."

कर्णिक सरांनी मला चहा दिला. ते गोड बोलणारे गृहस्थ. आमच्या बोलण्याला कधी हसले नाहीत, पण आम्ही बोलताना कायम किंचित हसरा चेहरा ठेवायचे.

"वही मी स्वतः कपाटात ठेवली," ते म्हणाले. "कुलूप लावलं. मी निघालो तेव्हा निवृत्ती कॉम्प्युटरपाशी बसलेला होता. हातात माझी लॅपटॉपची बॅग, दुसरं काही नाही. नोंद तुमच्यासमोर आहे."

"त्याचा प्रबंध तुमच्या मार्गदर्शनाखालीच ना?"

"मार्गदर्शन हा सौम्य शब्द झाला. गावात फिरणं, जनावरांना टॅग लावणं हे तो उत्तम करतो. पण रचना, एकतीस पर्यायांचा आराखडा, हे माझं. माझा शोधनिबंध परदेशातल्या परिषदेत स्वीकारलाय. मसुद्याची प्रत तुमच्या वाचनालयाला दिली होती मी."

दिली होती खरी. परत येऊन मी ती काढली. लेखक एकच, डॉ. कर्णिक. शेवटी सगळ्या पर्यायांचा तक्ता होता आणि प्रत्येकासमोर त्याचा अर्थ. तेविसाव्या पर्यायाचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं: ए, के, एच, ए, आर. समोर लिहिलं होतं, 'मराठी शब्द, अर्थ शेवट. दिवसाच्या शेवटी सर्व नोंदींचा हिशेब मिटवतो. प्रत्येक ठिकाणी चालू ठेवावा.' मी वाचलं आणि पान उलटलं. एवढी वर्षं पुस्तकांत काढून मला काही खटकलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

जाताना सर दारापर्यंत सोडायला आले होते. "बुधवारी सही होईल ना? शुक्रवारचं सादरीकरण रद्द करायचं तर विद्यापीठाला पत्र वेळेत गेलं पाहिजे."

त्यांना घाई होती. मी मंगळवारची रजा टाकली.

५

बीबीला निवृत्तीच्या आईनं, गोजरबाईनं, मला ओसरीवर बसवलं आणि पाणी दिलं. तिनं रडारड केली नाही.

"पोरगं जेवून नाई राह्यलं, बाई. लोक इचारतात, काय चोरलं? म्या म्हनते, सोताची वही. तं हसतात. आता तुमीच सांगा, सोताची वही कोनी चोरते का?"

"मशीनमध्ये तो बाहेर पडलेला दिसत नाही."

"मशीन!" तिनं पदर खोचला. "चाला, तुमाले मशीन दाखवते."

गावाच्या टोकाला मोकळं मैदान होतं. घराघरांतली जनावरं तिथं सोडलेली, रानात नेणाऱ्या उकंडराव गायकीची वाट पाहत उभी. कानांत पिवळे बिल्ले. मैदानाच्या तोंडाशी दोन खांब रोवलेले, अगदी आमच्या खोलीच्या दारासारखे. एक तांबडी गाय त्यांच्यामधून आत गेली, बाहेर आली, खांबाला मान घासली आणि परत आत गेली.

"पाहा," गोजरबाई म्हणाली. "सुरवातीले हेच मशीन एक गाय नऊ डाव मोजे. निवृत्ती डोस्क्याले हात लावून बसला. मंग उकंडरावानं सांगतलं, ढोर आखरावर आलं का दहा मिनिटं त्याच्याकडं पाहूच नोको. ते जाईन, येईन, आंग घासीन. थिर झालं का मंग मोज. मी तसाच मोजतो जनमभर, म्हने. तं निवृत्तीनं मशीनले तेच शिकोलं. एक डाव दिसलं का दहा मिनिटं त्या बिल्ल्याची नोंदच घ्याची नाई. वहीत लिवलं बी, उकंडरावाचं नाव घालून. आनं त्याचं नाव बी तेच ठेवलं."

"काय ठेवलं?"

"आखर. दुसरं काय? ढोरं जमतात ते आखर."

मी तिथंच उभ्या उभ्या पर्स उघडली. शनिवारचा कागद काढला. ११:२०, सिंधू काळवाघे, आत. मी पाच मिनिटांत बाहेर आले होते, म्हणून मशीननं माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यानं मला गाय समजून मोजलं होतं.

"काय झालं, बाई?" गोजरबाईनं विचारलं.

"काही नाही. निवृत्तीला जेवायला सांगा."

६

बुधवारी अकरा वाजता समिती प्रयोगशाळेतच बसवा असा मी हट्ट धरला. कर्णिक सर, निवृत्ती, कोकिळा, तुळशीराम, सगळे. भगवानरावांना मी ओळखपत्र गळ्यात घालायला लावलं आणि दारातून बाहेर जाऊन परत आत, मग पुन्हा बाहेर जायला सांगितलं. ते कुरकुरत गेले. कोकिळानं पडद्यावरची नोंद वाचली. भगवानराव, बाहेर. पुढं काही नाही.

"आता बाहेर आहात म्हणून ठीक आहे," मी म्हटलं. "आत येऊन बसलात तरी मशीनच्या मते तुम्ही व्हरांड्यातच. दहा मिनिटं ते तुमच्याकडे पाहतच नाही."

"तांत्रिक दोष आहे," कर्णिक सर म्हणाले. "मी पाहून घेईन."

"दोष नाही, सर. कोकिळा, चालू पर्याय उघड."

नवांच्या जागी दहा होते. दहावा निवृत्तीच्या यादीत नव्हता. निवृत्तीनं पडद्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठला. मी त्याला हातानं बसवलं.

"सर, हा तेविसावा पर्याय कशाचा?"

"अखेर," सर म्हणाले. "दिवसअखेर नोंदींचा हिशेब मिटवतो. निबंधात दिलंय मी."

"हे तुम्हीच लिहिलं?"

"अर्थात."

भगवानराव मोठ्यांदा हसले. साठ एकरांचे मालक, घरी तीस जनावरं. "अहो सर, अखेर कशाचं? आखर! ढोरं जमतात ते. तुमच्या पुण्यात नसते का?"

मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. ते मूर्ख नव्हते.

मी कागद मांडला. "उद्घाटनाला सरांनी अखेर समजून आखर चालू केलं. म्हणून एकदा दिसलेली चिप दहा मिनिटं मोजली गेली नाही. शुक्रवारी निवृत्ती ११:४६ला आत आला आणि तीन मिनिटांत गेला. नोंद नाही. वहीही ११:४६लाच आत आली. ती ११:५६ नंतर बाहेर गेली असती तर मशीननं टिपली असती, कारण डबा वापरला ही गोष्ट आपण रचली, ती कुणी पाहिलेली नाही. डब्याची गरजच नव्हती. वही त्या दहा मिनिटांतच गेली. तेव्हा ती कुलपात होती, सर, असं तुम्हीच सांगितलंय. कुलपाच्या किल्ल्या दोन. एक त्या वेळी कँटीनमध्ये माझ्या कपाशेजारी होती. दुसरी कुणाच्या खिशात होती?"

भगवानरावांनी सरांकडे पाहिलं.

"तुम्ही ११:५१ला बाहेर पडलात तेव्हा तुमची नोंद झाली, कारण तुम्ही दहापासून आत होता. बॅगेतल्या वहीची झाली नाही, कारण ती पाचच मिनिटांपूर्वी आत आली होती. तुम्हालाही ते माहीत नव्हतं. म्हणून फोनवर पहिला प्रश्न, लॉग काय सांगतो."

कर्णिक सरांनी चष्मा काढून पुसला. "तपासायला नेली होती," ते म्हणाले. "घरी आहे. गडबडीत सांगायचं राहिलं."

लॉगमध्ये वही दिसली असती तर त्यांनी शुक्रवारीच हे सांगितलं असतं, आणि कुणी काही म्हटलं नसतं. मार्गदर्शक विद्यार्थ्याची वही नेतोच. पण मशीननं त्यांना सोडवलं आणि निवृत्तीला पकडून दिलं. त्यांनी फक्त ते होऊ दिलं. त्या वहीत आखर होतं, उकंडराव होता, तारखा होत्या, अक्षर निवृत्तीचं होतं. ती नसती तर निबंध कायमचा सरांचा झाला असता. पाच दिवस या माणसानं वही घरी ठेवली, आणि वर त्या पोराचं सादरीकरण रद्द करायच्या पत्राची आठवण करून दिली. मला तेव्हा त्यांच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. चहा नव्हता.

७

भगवानरावांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं.

"बाई, तुमचं सगळं खरं. पण मार्चमध्ये मान्यतेची कमिटी येऊन राह्यली. प्रयोगशाळेचा प्रमुखच चोर, हे कागदावर येऊ द्यायचं का? पोराचं नुकसान नाही होणार. घरातली गोष्ट घरात राहू द्या."

अहवाल त्यांनीच सांगितला, मी लिहिला. नोंदीत तांत्रिक त्रुटी आढळली. वही मिळाली. कोणाचाही दोष नाही. निवृत्तीनं लिहून द्यायचं की त्याची काही तक्रार नाही. सादरीकरण ठरल्या दिवशी, मार्गदर्शक कर्णिक सरच.

निवृत्ती पेन हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिला. "ताई, करू सही?"

"कर," मी म्हटलं. "पदवी हाती येऊ दे. मग पाहू."

त्यानं केली. सगळे कागद फाइलमध्ये गेले, अखेर लिहिलेली निबंधाची प्रतसुद्धा, आणि फाइल भगवानरावांच्या कपाटात गेली. माझ्या वाचनालयात झेरॉक्सचं मशीन आहे. मी तीस वर्षं लोकांच्या कागदांच्या प्रती काढल्या. त्या दिवशी मला एक प्रत काढायची सुचली नाही.

सादरीकरण झालं. वहीही परत आली, तिची काही पानं सुटी होऊन; आखराचं पान त्यात नव्हतं. प्रबंध गेला, आणि आठ महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकाचा शेरा घेऊन परत आला. हे सर्व डॉ. कर्णिक यांच्या निबंधात आधीच आलेलं आहे, उमेदवाराचं स्वतःचं काय? नव्यानं लिहावं.

त्याच आठवड्यात छापील निबंध वाचनालयात आला. सरांनी प्रेमानं पाठवला होता. निवृत्ती पुस्तकं परत करायला आला तेव्हा तो माझ्या टेबलावर पडलेला होता. त्यानं शेवटचा तक्ता उघडला. तेविसावा पर्याय आता बरोबर होता. 'आखर: वऱ्हाडातील गावात जनावरे एकत्र जमण्याची जागा.' खाली तीन ओळींत दहा मिनिटांचा नियम, एका स्थानिक गुराख्यानं लेखकाला सांगितल्याप्रमाणे. चोरी पकडून देणारा एकच शब्द होता, आणि तो मी भर समितीत त्यांना समजावून दिला होता. छापायला जायच्या आधी.

शेवटच्या पानावर आभार होते. निवृत्तीनं ते बोट ठेवून वाचलं. 'एका मराठी शब्दाच्या स्पष्टीकरणासाठी ग्रंथपाल श्रीमती काळवाघे यांचे आभार.'

"ताई," तो म्हणाला, "तुमचं नाव आलं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यानं निबंध होता तसा मिटून ठेवला, पुस्तकं माझ्यापुढं सरकवली, डबा उचलला आणि निघाला.

त्या सत्रात वाचनालयाच्या दाराशीही दोन खांब बसले होते. त्यातला आखर मी स्वतः बंद करून घेतला होता. निवृत्ती त्यांच्यामधून गेला तेव्हा माझ्या समोरच्या पडद्यावर ओळ उमटली. ४:१२, निवृत्ती मापारी, बाहेर.

या वेळी नोंद बरोबर होती. तो परत आला नाही.